घराला लागून असलेली काँक्रीटची गच्ची उतरविताना

गेल्या काही दशकांत आपल्या खेड्यांतील घरांचे रूप पुष्कळ पालटले आहे. कौलारू किंवा धाब्याच्या जुन्या घरापुढे चार खांब उभे करून त्यांवर सिमेंट काँक्रीटची गच्ची घालण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. वर मिरची, हळद, डाळी व धान्य वाळविण्यास निर्वेध जागा मिळते, खाली पडवीत जनावरे, अवजारे अथवा खतांची पोती राहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने अशी गच्ची ही दुहेरी सोयच होय. तथापि यांपैकी बऱ्याच गच्च्या अभियंत्याचा सल्ला न घेता, हाताशी असलेल्या वाळूत व बेताच्या सिमेंटमध्ये ओतलेल्या असून आता त्यांचे आयुष्य संपत आले आहे. त्या उतरविण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येत आहे, आणि हे काम बांधण्यापेक्षा सोपे आहे अशा समजुतीने घरच्या घरी, घण व पहार घेऊन केले जाते. ही समजूत चुकीची आहे. बांधताना वजन हळूहळू चढविले जाते आणि खालचे टेकू काँक्रीट पक्के होईपर्यंत काढीत नाहीत. पाडताना मात्र ते सर्व वजन आधीच डोक्यावर असते आणि टेकू एकही नसतो.

प्रथम हे वजन किती असते ते पाहू. लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २,५०० किलो भरतो. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व चार इंच जाड अशी साधी गच्ची घेतली तरी तिचे वजन २,८०० किलोच्या आसपास होते. तिच्यावर दोन इंचांचा कोबा असेल तर आणखी बाराशे-तेराशे किलो वाढतात. म्हणजे तुळया व कठडा सोडूनही सुमारे चार हजार किलो, किंवा धान्याची पन्नास किलोची ऐंशी पोती, डोक्यावर टांगलेली आहेत असे समजावे. यातून एक फूट लांब व एक फूट रुंद एवढाच तुकडा निसटला तरी तो तेवीस-चोवीस किलोंचा असतो, आणि दहा फुटांवरून जमिनीवर येईपर्यंत त्याचा वेग ताशी सत्तावीस किलोमीटरच्या घरात जातो. तो अंगावर आल्यास मनुष्य वा जनावर वाचण्याची आशा धरू नये.

गच्ची का खराब होते, हे समजून घेतल्यास ती पाडणे खरोखर जरूर आहे काय, याचाही उलगडा होतो. चांगल्या काँक्रीटमध्ये चुन्यासारखा क्षारधर्म असतो व तोच सळईला गंजापासून वाचवितो. हवेतील कर्बद्विप्राणिद वायू वर्षानुवर्षे आत मुरत गेला की हा गुण नाहीसा होतो. सळईवरील काँक्रीटचा थर पातळ असेल तर हे लवकर घडते. कोकणात खारा वारा व खाडीची न धुतलेली वाळू यांमुळे मीठ आत शिरते आणि गंज दुपटीने वाढतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. त्यामुळे ते आतून काँक्रीटला ढकलते, सळईच्या रेषेने तडे जातात व खालचे पापुद्रे गळू लागतात. शेतकऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. गच्चीवर किंवा तिच्या खाली खतांची पोती बरीच वर्षे ठेवलेली असतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइड आहे व ते ओलाव्याबरोबर झिरपून सळई खाते. अमोनियम सल्फेट तर खुद्द काँक्रीटलाच पोखरते. गोठ्यावरील गच्ची खालून आधी खराब होते, त्याला गोमूत्राची दमट वाफ व कोंदट हवाही कारण असते.

पापुद्रे गळाले म्हणजे गच्ची पाडलीच पाहिजे असे नाही. थोड्या जागी सळई उघडी पडली असेल तर ती घासून, गंज काढून दुरुस्ती करता येते. परंतु सळया निम्म्याहून बारीक झाल्या असतील, गच्ची मधोमध झुकली असेल, अथवा खांबांना उभे तडे गेले असतील तर दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नाही. याचा निर्णय पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातील अभियंत्यास अथवा जवळच्या अनुभवी स्थापत्य अभियंत्यास दाखवूनच करावा. ग्रामकार्यकर्त्यांनी या कामी शेतकऱ्यास अभियंत्यापर्यंत नेऊन पोचविले, तर ती मोठीच सेवा ठरेल. इमारती पाडताना घ्यावयाच्या दक्षतेबद्दल भारतीय मानक ब्यूरोची आय. एस. ४१३० ही संहिता उपलब्ध आहे, व अभियंत्यास ती ठाऊक असते. ग्रामपंचायतीसही आगाऊ लेखी कळवावे. नमुना आठच्या उताऱ्यात त्या बांधकामाची आकारणी असल्यास पुढे ती कमी करून घेता येते. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर त्याची संमती प्रथम घ्यावी.

गच्ची कशावर उभी आहे?

सर्व कामाची किल्ली या एका प्रश्नात आहे. गावातील गच्च्या साधारणपणे तीन प्रकारच्या आढळतात.

पहिल्या प्रकारात गच्चीला चारही बाजूंस स्वतःचे खांब व तुळया असतात आणि घराच्या भिंतीला ती नुसती टेकलेली असते. हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. दुसऱ्या प्रकारात बाहेरची बाजू खांबांवरील तुळईवर असते, परंतु आतली बाजू घराच्या भिंतीत शिरलेली असते. तिसऱ्या प्रकारात खाली खांबच नसतात. घराच्या आतला स्लॅब तसाच बाहेर काढलेला असतो, किंवा भिंतीत दाबून बसविलेला सज्जा पुढे तरंगत असतो. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा होय. येथे सज्जास धरून ठेवणाऱ्या मुख्य सळया वरच्या अंगास असतात व त्याच्या मागच्या टोकावर असलेल्या भिंतीच्या वजनाने तो तोलला जातो. वरची भिंत आधी उतरविली, किंवा वरचा कोबा फोडताना त्या वरच्या सळया तोडल्या, तर सज्जा कोणतीही सूचना न देता खाली कोसळतो. एक मीटर पुढे आलेला व तीन मीटर लांबीचा लहानसा सज्जाही साडेसातशे किलोंचा असतो हे विसरू नये.

पहिल्या दोन प्रकारांत मुख्य सळया खालच्या अंगास असतात. गच्ची दोनच बाजूंवर टेकलेली असेल तर त्या एका टेकूपासून दुसऱ्यापर्यंत जातात. चारी बाजूंना तुळया असतील तर दोन्ही दिशांना जातात. जेथे खालचा पापुद्रा गळाला आहे तेथे पाहिले असता सळयांची दिशा व जाडी दिसून येते. शंका राहिल्यास छिन्नीने एक-दोन ठिकाणी अलगद उकरून पाहावे.

गच्चीचा आतल्या खोलीच्या स्लॅबशी अखंड जोड असेल तर आणखी एक बारकावा आहे. बाहेरचा भाग हा आतल्या स्लॅबला तोलून धरीत असतो. तो काढल्यावर आतला स्लॅब मधोमध पूर्वीपेक्षा अधिक ताणला जातो. बहुधा तो हा ताण सहन करतो, परंतु आतही गंज असल्यास सहन करीलच असे नाही. म्हणून अशा घरात आतल्या स्लॅबलाही काम संपेपर्यंत टेकू द्यावेत आणि त्या खोलीत कोणी राहू नये.

मराठवाड्यातील दगड-मातीच्या जाड भिंतींच्या घरांविषयी येथे स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती व त्यांवरील जड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली. या भिंती हादऱ्यास किती दुबळ्या असतात, हे त्या वेळी दिसून आले. अशा भिंतीत शिरलेली गच्ची घणाच्या जोरदार घावांनी फोडू नये. प्रत्येक घाव स्लॅबमधून भिंतीत जातो, मधल्या मातीचा भरणा सुटतो व बाहेरचा दगडी थर फुगून निघतो. भिंतीस फुगवटा आधीच असेल तर प्रथम तीस बाहेरून तिरके धिरे लावावेत.

पूर्वतयारी

काम पावसाळ्यात काढू नये. भिजलेली जमीन टेकू धरीत नाही व ओली भिंत दुबळी होते. सुगी आटोपल्यानंतरचे कोरडे दिवस उत्तम. उन्हाळ्यात वळवाचे वारे सुटू लागताच काम थांबवून सर्वांनी दूर व्हावे.

गच्चीवरील पाण्याची टाकी, सौर बंब, पत्रे, कुंड्या, लाकूडफाटा हे सर्व प्रथम खाली घ्यावे. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे हजार किलो ओझे असते. विजेची तार गच्चीच्या खांबास बांधलेली असल्यास ती महावितरणच्या कर्मचाऱ्यांकडूनच सोडवून घ्यावी. घरातील बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली असे कित्येकांना वाटते, परंतु खांबापासून मीटरपर्यंतची तार तेव्हाही जिवंत असते. जनावरे त्या दिवसापुरती नव्हे तर काम पुरे होईपर्यंत दुसरीकडे बांधावीत. गाय सवयीने आपल्या गोठ्याकडेच परत येते, म्हणून वाट अडवावी. गच्चीच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत चहूकडे बांबू व दोर बांधून कुंपण करावे आणि मुलांवर नजर ठेवण्यास घरातील एका मोठ्या माणसास नेमावे. त्याला दुसरे काम देऊ नये. घराचा एकुलता दरवाजा गच्चीखालीच उघडत असेल तर कुटुंबाने त्या दिवसांत अन्यत्र राहावयास जावे. वृद्ध माणसे यास नाखूश असतात हे खरे, पण येथे भीड धरून चालत नाही.

मजूर ठरविताना काम उक्ते देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. उक्त्या कामात जितकी घाई तितका नफा, आणि पाडकामात घाईची किंमत माणसाच्या हाडांनी मोजावी लागते. रोजंदारीवर, सेंट्रिंगचे काम जाणणारे दोन कारागीर व त्यांच्या हाताखाली तीन-चार बिगारी पुरेसे होतात. प्रत्येकास शिरस्त्राण, डोळ्यांस चष्मा, हातमोजे व जाड तळाचे बूट द्यावेत. काँक्रीटची धूळ ही साधी धूळ नव्हे. तिच्यात वाळूची अतिसूक्ष्म पूड असते व ती फुप्फुसात कायमची बसते. दगडखाणीतील कामगारांना होणारा सिलिकोसिस हा रोग याच पुडीमुळे होतो. तोंडास उपरणे गुंडाळल्याने ती अडत नाही. एन-९५ जातीचे मुखपट्ट वापरावेत व फोडण्याच्या जागी पाण्याचा हलका फवारा मारीत राहावे. मात्र विजेवर चालणारे ग्राइंडर वापरीत असताना त्यावर किंवा त्याच्या वायरीच्या जोडांवर पाणी जाणार नाही अशी खबरदारी घ्यावी.

टेकू

स्लॅब ओतताना जसे सेंट्रिंग बांधतात तसेच तो उतरवितानाही बांधावे. हा एक नियम पाळला तर पुढील निम्म्या आपत्ती टळतात. खाली लोखंडी जॅक अथवा निलगिरीच्या सरळ, न पोखरलेल्या बल्ल्या, त्यांवर आडव्या लाकडी कड्या आणि कड्यांवर स्लॅबला भिडतील अशा लोखंडी प्लेटा किंवा फळ्या दाट मांडाव्यात. फोडलेले तुकडे या प्लेटांवरच थांबतात व तेथून हाताने उचलून खाली देता येतात. टेकूंमधील अंतर तीन फुटांहून अधिक नसावे. प्रत्येक टेकूखाली जाड फळी घालावी, वीट किंवा दगड घालू नये, कारण ती फुटते. उंची जुळविण्यास लाकडाच्या पाचरी जोडीने, परस्परांविरुद्ध दिशेने ठोकाव्यात. टेकू एकमेकांस तिरक्या बांबूंनी बांधावेत, म्हणजे एक सरकला तर सगळे सरकणार नाहीत.

खालची जमीन तपासून पाहावी. जुन्या गावठाणांत अंगणाखाली धान्याचे बुजविलेले पेव असण्याचा संभव असतो, व अलीकडे तेथेच शौचालयाचा शोषखड्डा खणलेला असतो. पहारीने ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज येतो. घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारणे हा त्याहूनही खात्रीचा उपाय होय.

टेकू ठोकताना स्लॅबला नुसते भिडवावेत, वर उचलू नयेत. तिसऱ्या प्रकारच्या सज्जात तर याचे फार महत्त्व आहे. पुष्कळजण फक्त बाहेरच्या कडेला एक रांग टेकू लावतात व निर्धास्त होतात. तसे केल्याने सज्जा भिंत आणि ती रांग यांच्यामध्ये टांगला जातो, त्याच्या खालच्या अंगास सळया नसल्याने तो मधोमध फाटतो. म्हणून तेथे भिंतीपासून कडेपर्यंत दोन-तीन रांगा जवळजवळ लावाव्यात.

फोडण्याचा क्रम

प्रथम कठडा. तो आतल्या बाजूस पाडावा, बाहेर ढकलू नये, आणि लहान तुकडे करून लगेच खाली द्यावा. त्यानंतर कोबा छिन्नीने सोलून काढावा, म्हणजे वजन बरेच कमी होते. तिसऱ्या प्रकारात मात्र कोबा सोलताना वरच्या सळयांना धक्का लागू देऊ नये. राडारोडा गच्चीवर साठवू नये. एक फूट उंचीचा ढीग दर चौरस मीटरला चारशे किलोंहून अधिक भरतो, आणि जी गच्ची स्वतःचे वजन पेलत नाही म्हणून आपण पाडीत आहोत तिच्यावर हे नवे ओझे घालणे शहाणपणाचे नव्हे.

दोन बाजूंवर टेकलेली गच्ची एका टोकापासून दोन-दोन फुटांच्या पट्ट्यांनी फोडावी. पट्टी मुख्य सळयांच्या दिशेने घ्यावी, आडवी घेऊ नये. आडवी घेतल्यास पहिल्याच पट्टीबरोबर सगळ्या सळया मोकळ्या होऊन उरलेला स्लॅब निराधार होतो. प्रत्येक पट्टीत मध्यापासून दोन्ही टोकांकडे काँक्रीट फोडीत जावे. चारी बाजूंस तुळया असलेली गच्ची मधून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी कडेकडे फोडावी. तरंगता सज्जा नेहमी बाहेरच्या कडेपासून भिंतीकडे. सर्व प्रकारांत काँक्रीट फुटेपर्यंत सळया कापू नयेत. सळईस लटकलेला तुकडा जागीच राहतो, सळई आधी कापली तर तोच तुकडा गोळ्यासारखा सुटतो.

काम करणाराने कधीही फोडावयाच्या भागावर उभे राहू नये. तो मागे, टेकू दिलेल्या पक्क्या भागावर टाकलेल्या फळीवर उभा असावा. त्याच्या कमरेचा सुरक्षापट्टा घराच्या पक्क्या भागाला बांधलेला असावा. तो गच्चीच्या कठड्याला किंवा खांबाला बांधल्यास पट्टा असून नसल्यासारखा. खाली टेकूंच्या जंगलात कोणी असताना वर घाव घालू नये. तुकडे गोळा करावयाचे असतील तेव्हा वरचे काम थांबवावे. घण चार-पाच किलोंहून जड नको. लहान ब्रेकर यंत्र भाड्याने मिळत असेल तर ते घणापेक्षा बरे, कारण त्याचा हादरा बेताचा असतो.

‘आधी घरापासून गच्ची वेगळी करा’ असा सल्ला गवंडी हमखास देतात. पहिल्या प्रकारात तो बरोबर आहे. भिंत व गच्ची यांच्या सांध्यात ग्राइंडरने खाच पाडली म्हणजे घावांचा हादरा घरात जात नाही. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात तो सांधा हाच गच्चीचा आधार असतो, तो कापणे म्हणजे तिचा हात सोडून देणे होय. तेथे भिंतीलगतची एक फुटाची पट्टी अगदी शेवटपर्यंत ठेवावी व ती लहान छिन्नीने, हलक्या हाताने काढावी.

स्लॅब गेल्यावर तुळया आणि तुळयांनंतर खांब. तुळईला दोन ठिकाणी टेकू असल्याशिवाय तिच्या टोकास हात लावू नये. नऊ-दहा इंची चौरस व दहा फूट उंचीचा खांब चारशे ते पाचशे किलोंचा असतो. झाडासारखा बुडाशी कापून तो आडवा पाडण्याचा मोह टाळावा. परांचीवर उभे राहून वरून खाली दोन-दोन फूट फोडीत यावे.

ट्रॅक्टरला साखळदंड बांधून खांब ओढून काढण्याचा प्रकार खेड्यांत सर्रास दिसतो. क्षणात काम होते म्हणून तो लोकांना आवडतो. परंतु खांब निघताच गच्ची पुढच्या बाजूने खाली येते, तिच्या भिंतीत अडकलेल्या सळया भिंतीलाही बरोबर ओढतात, आणि साखळी तुटल्यास ती उलटून चालकाच्या पाठीत बसते. खोदकामाचे यंत्र, ज्याला गावोगाव जेसीबी म्हणतात, ते वापरावयाचे असल्यास गच्ची घरापासून हाताने पूर्णपणे वेगळी व स्वतःच्या खांबांवर उभी असेल तरच वापरावे, आणि यंत्र गच्चीखाली नेऊ नये.

दिवसाचे काम अर्धवट फुटलेल्या पट्टीवर सोडू नये. संध्याकाळी हाती घेतलेली पट्टी पुरी करूनच साधने ठेवावीत. सकाळी पुन्हा आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक पाचर हाताने चाचपून पाहावी, कारण उन्हाने लाकूड आकसते व पाचरी सैल पडतात. भिंतीवर जुने तडे असतील तर त्यांवर चुन्याची अथवा सिमेंटची पातळ पट्टी आडवी लावून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत हलत आहे असे समजून काम बंद करावे व अभियंत्यास बोलवावे.

अपघात झालाच तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ढिगाखाली सापडलेल्या माणसाला हातापायास धरून ओढू नये, तुकडे एकेक करून उचलावेत, आणि उरलेली गच्ची त्याच्यावर येणार नाही अशी तजवीज प्रथम करावी. गंजलेली सळई टोचल्यास जखम धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताची सुई घ्यावी.

गच्ची उतरल्यावर भिंतीतून सळयांची टोके डोकावतात. ती भिंतीच्या पृष्ठापासून इंचभर आत कापून, वरून घट्ट सिमेंटच्या मालाने बुजवावीत. उघडी टोके राहिल्यास पाणी त्यांच्या वाटेने आत जाते व भिंत पोखरते. फुटलेल्या काँक्रीटचा उपयोग जोत्याच्या भरावास, गोठ्यापुढील चिखलाच्या वाटेस किंवा शोषखड्ड्यात चांगला होतो. ते ओढ्यात, पडक्या विहिरीत अथवा शेताच्या बांधावर टाकू नये. त्यातील तारांचे व सळयांचे तुकडे बैलाच्या खुरात व ट्रॅक्टरच्या चाकात शिरतात. सळया वजनावर विकाव्यात. गंजलेल्या, वाकवून सरळ केलेल्या सळया नव्या स्लॅबमध्ये घालू नयेत, मग त्या दिसावयास कितीही जाड असोत.